वहीतला पोहणारा

माझ्या साडूंच्या वहीत चौथ्या पानावर एक तक्ता आहे. डावीकडे काम, मध्ये जबाबदार व्यक्ती, उजवीकडे शेरा. गळ आणि दोरी साडूंकडे. चहापत्ती, साखर, मीठ, आगपेटी माझ्याकडे. सातव्या ओळीत ‘पोहणारा’ असं लिहिलंय आणि त्याच्यापुढे ‘मास्तर’. मास्तर म्हणजे मी. अमरावतीत राजापेठेत माझी दहावी-बारावीची शिकवणी आहे, फिजिक्स आणि गणित. शेऱ्याच्या रकान्यात साडूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय, ‘पट्टीचे’.

मला पोहता येत नाही.

थोडं थोडं येतं, सवय सुटली, असलं काही नाही. अजिबात येत नाही. घोट्यापर्यंत पाणी आलं की मला घरची आठवण येते. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना तरंगण्याचा नियम शिकवतोय, बुडालेल्या वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन वगैरे. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क घेणारी कितीतरी पोरं माझ्या हातून गेली. पण ती वस्तू मी स्वतः असेन तर माझा त्या नियमावर विश्वास नाही.

हे खोटं सुरू झालं माझ्या लग्नानंतर चौथ्या दिवशी. सासर मोर्शीकडे, वर्धा नदीच्या काठावरचं गाव. साडू थोरले जावई, माझ्या आधी चार वर्षं त्या घरात आलेले, अकोल्याला एका सरकारी खात्यात नोकरीला, मिशीवाले. शेतातल्या विहिरीवर सगळे जमले होते. साडू मोटारीच्या खोलीच्या छतावर चढले आणि तिथून विहिरीत उडी मारली. असा आवाज झाला की शेजारच्या शेतातली बैलजोडी दचकली. सासरे खूश झाले. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. “धाकटे जवाई, तुमी?”

मी काय करायला पाहिजे होतं, ते मला सत्तावीस वर्षांपासून माहीत आहे. मी म्हणालो, “इहिरीत मजा येत नाई जी. आमच्याकडे आमी तलावात पोहतो. अर्धा-अर्धा तास.” माझं गाव भातकुलीकडचं. आमच्याकडे तलाव नव्हता. आमच्या विहिरींचं पाणी खारट, त्यात डाळसुद्धा शिजत नाही. पण मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत वाढलेल्या माणसांना भातकुलीत काय आहे हे कशाला माहीत असणार? त्यांनी मान डोलावली. सासुरवाडीत एकदा असं काही चिकटलं की निघत नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत तो अर्धा तास एक तास झाला होता, आणि त्यात माझा काही हात नव्हता.

बाया त्या दिवशी मोटारीच्या खोलीच्या सावलीत उभ्या होत्या. साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, ज्यांना मी ताई म्हणतो, त्या नवऱ्याच्या उडीकडे पाहत नव्हत्या. त्या खाली पाण्याकडे पाहत होत्या. हे मला आता आठवतंय. तेव्हा मी माझ्याच भानगडीत होतो.

सहलीचं खूळ सात वर्षांपूर्वीचं. साडूंना मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. अमेरिकेतले चार म्हातारे वसंत ऋतूत रबरी होडीत बसून नदीने चाललेत. चार दिवस. दिवसभर गळ टाकायचा, ट्राउट नावाचा मासा पकडायचा, संध्याकाळी काठावर उतरून तो भाजायचा, सकाळी पुन्हा होडीत. बोलणं जवळजवळ नाही. साडूंनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की त्या म्हाताऱ्यांपैकी टोपीवाला आमच्या घरात नातेवाइकासारखा झाला. “मास्तर, हे आपल्याले काहून नाई जमत?”

मी कारणं सांगितली. ट्राउटला बर्फासारखं गार पाणी लागतं. आपल्याकडे त्या दिवसांत नळातून चहा येतो.

“मंग मरळ पकडू,” साडू म्हणाले. “मरळीले काय झालं?”

मरळीला काही झालं नव्हतं. तेव्हा ठरलं की ताईंच्या माहेरच्या घाटावरून निघायचं, वर्धा नदीने खाली कौंडण्यपूरपर्यंत जायचं, चार दिवस, तीन मुक्काम. होळी झाल्यावर आणि गुढीपाडव्याच्या आत, कारण तेव्हा पाणी निवळ असतं आणि ऊन अजून माणसात असतं. अडचण एकच. त्या दिवसांत नदीत पाणी तेवढंच, जेवढं वरच्या धरणातून सोडतील. पाणी सुटलं तर नदी, नाही तर वाळू. म्हणजे सगळी योजना दुसऱ्या कुणीतरी चाक फिरवण्यावर अवलंबून. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांची सगळी नोकरी अशीच गेली होती.

होडीचा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला. आमच्याकडचे भोई एकेका ट्यूबवर बसून मासे धरतात. साडूंचं म्हणणं पडलं, “आपल्याले टेकायले पाहिजे.” म्हणून ट्रॅक्टरच्या चार मोठ्या ट्यूबा, त्यांवर दोन आडवे बांबू, आणि त्या बांबूंवर घरातली सुतळीने विणलेली बाज, पायांसकट, उलटी नाही, सरळ. साडूंनी हयातभर अंदाजपत्रकं केलेली. त्यांनी बाजेचं रेखाचित्र काढलं, वरून, समोरून आणि बाजूने. खाली स्वतःची सही केली.

दर वसंतात मी रविवारी अमरावतीहून अकोल्याला जायचो आणि आम्ही योजना करायचो. एक वर्ष माझ्या पोरांच्या बोर्डाच्या परीक्षा आडव्या आल्या. एक वर्ष सगळं जगच बंद होतं. एक वर्ष पाणी सुटलं नाही. एक वर्ष भाचीचं लग्न निघालं. एक वर्ष गच्चीवर फुगवून ठेवलेली ट्यूब अकोल्याच्या उन्हात अशी फुटली की समोरच्या घरातले लोक सिलेंडर बंद करून बाहेर आले. दर वेळी साडू हळहळायचे, मी पण हळहळायचो, आणि परतीच्या गाडीत बसलो की माझ्या जिवात जीव यायचा.

ताई या बैठकांत चहा आणायच्या. कधीमधी नकाशावर वाकून म्हणायच्या, “दुसरा मुक्काम तिथं नका करू, तिथं वाळू खचते.” किंवा, “त्या वळणावर डोह हाये, दिसते उथळ.” साडू चष्म्यावरून पाहत म्हणायचे, “तू सोबत द्यायच्या मूगवड्यांचं पाह्य.” मी हसायचो. मी हसायचो, हे इथे लिहून ठेवतो.

मग दीड वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, साडूंना झटका आला. डावा हात गेला, डावा पाय अर्धा गेला, तोंड थोडं वाकडं झालं. दवाखान्यात मी पाहायला गेलो तर त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने खूण केली, वही. मी वही आणून दिली. त्यांनी ती पोटावर ठेवली आणि डोळे मिटले. मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो. माझ्यासारखा चिडका माणूस रडतो तेव्हा आधी कुणावर तरी चिडतो. मी पार्किंगवाल्यावर चिडलो.

पाय हळूहळू आला. बोलणं आलं. हात काही येईना. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज रबरी चेंडू दाबायला लावायची आणि हे तिसऱ्या दिवशीच कंटाळले. तेव्हा ताईंनी चेंडू काढून घेतला आणि हातात बांबूचं वल्हं दिलं. तेच, बाजेसाठी आणलेलं. मग माणूस सकाळ-संध्याकाळ गच्चीवर वल्हं धरून बसायला लागला. आधी एक बोट आवळलं. मग दोन. या वर्षी संक्रांतीपर्यंत चार बोटं वळायला लागली, आणि साडूंनी मला फोन केला. “मास्तर, अवंदा पक्कं.”

डॉक्टर म्हणाले बसून जाणार असतील तर जाऊ द्या, जॅकेट घाला. ताईंची एकच अट होती. त्यांनी मला फोनवर सांगितली. “भाऊजी, जॅकेट मानसाले तरंगवते. उपडा पडला तर सरळ करत नाई. यायचा एक हात कामाचा नाई. तुमाले पोहता येते अन् तुमी सोबत जाता, म्हनून मी हो म्हनून राहिली. दुसरं कोनी असतं तर मी पाठवलं नसतं.”

तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? मी म्हणालो, “हाव ताई.”

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीतल्या पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. मोठ्यांची बॅच भरली होती. मला पाचवी ते सातवीच्या बॅचमध्ये घेतलं. शिकवणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला, फिजिक्समध्ये दोनदा राहिलेला. त्याने मला ओळखलं आणि ज्या समाधानाने तो हसला ते मी समजू शकतो. माझ्या पाठीला त्याने थर्माकोलचा ठोकळा बांधला. शेजारी बारा-तेरा पोरं, सगळ्यांच्या पाठीला तसलेच ठोकळे.

“सर, श्वास सोडा.”

“सोडून राहिलो ना!”

“सर, काठ सोडा.”

काठ मी सोडला नाही. पाचव्या दिवशी सोडला आणि ओरडलो, बुडलो, बुडलो. पोरं थांबून पाहायला लागली. तो शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही बुडून नाही राहिले. तुम्ही उभे आहात.” पाणी छातीपर्यंत होतं. अठरा दिवस मी गेलो. अठराव्या दिवशी मी आडवा होऊन, ठोकळ्यासकट, चार हात अंतर कापलं. ते पण उलट्या दिशेने. पाचवीतल्या एका पोरीने मला सांगितलं, “काका, तुम्ही पाण्याला भांडू नका.” माझ्या बायकोने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, सत्तावीस वर्षांत कुणी हिच्याइतकं नेमकं बोललं नव्हतं.

बायकोला माझं खोटं अर्थातच माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि माहेरी तिने माझी इज्जत झाकून ठेवली होती. पण आता ती म्हणाली, “आता नाही झाकणार. तो माणूस पाण्यात जाणार आहे. तुम्हीच सांगा ताईला.”

होळीनंतर पाणी सुटायची तारीख कळली. शेवटच्या बैठकीसाठी मी अकोल्याला गेलो. साडू दारातच उभे. उजवा हात मागे, आणि डाव्या हातात वल्हं, पाचही बोटं वळलेली. नुसतं धरून दाखवलं. बोटं थरथरत होती. मला तिथेच सांगायचं होतं आणि मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, “वा, भाऊ,” आणि चप्पल काढायच्या निमित्ताने खाली वाकलो.

ताई गच्चीवर मूगवड्या टाकत होत्या. मी वर गेलो.

“ताई, एक सांगायचं हाये.”

“सांगा.”

“मले पोहता येत नाई.”

त्यांनी हातातली ओळ पूर्ण केली. नऊ वड्या. “किती नाई?”

“बिलकुल नाई.”

“मंग तो तलाव?”

“तलाव नव्हताच.”

त्या उठल्या. हात पिठाने भरलेले. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. “भाऊजी, मी ह्या मानसाले तुमच्या भरोशावर पान्यात सोडून राहिली होती! तिकडे काही झालं असतं म्हंजे? तुमी काठावर उभे राहून काय करनार होते, नियम सांगनार होते काय?” माझी मान वर होईना. “लाज वाटते का?”

“वाटते.”

“मंग बरं.”

मी म्हणालो, “ताई, मले काय बोलायचं ते बोला, पन सहल रद्द नका करू. त्यायचा हात त्याच्यासाठीच वळला.” त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि खाली गेल्या. मी मागे.

साडू वही उघडून बसले होते. ताईंनी वही ओढली, पेन घेतला आणि सातव्या ओळीतल्या ‘मास्तर’वर काट मारली. शेऱ्यावर पण.

“हे काय?”

मग मी त्यांना सांगितलं. उभ्यानेच, विहिरीपासून थर्माकोलपर्यंत. साडू माझ्याकडे पाहत राहिले. “सत्तावीस वर्षं?”

“हाव.”

“अबे बाप्पा,” ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. मग काटलेल्या ओळीवर बोट ठेवून स्वतःशीच म्हणाले, “म्हंजे गेली. अवंदाबी गेली.” त्यांच्या डाव्या हातातलं वल्हं टेबलाला टेकलं आणि बोटं सुटली.

ताई म्हणाल्या, “मायं नाव लिहा तिथं.”

साडू हसले. त्या दिवशी पहिल्यांदा. “तुले पोहता येते?”

“आमची डांगरवाडी नदीच्या पलीकडं होती,” ताई म्हणाल्या. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज-डांगरांची वाडी लावतात, ती. “धरन नव्हतं तवा. आठ वर्षांची होती तवापासून बाबाची भाकर मीच नेत होती. डोक्यावर गाठोडं बांधून, पोहून. चौदाव्या वर्षी आजी म्हने, आता बस झालं, पोरगी मोठी झाली. मंग कोनी जाऊ देल्लं नाई.” त्या साडूंकडे वळल्या. “अन् तुमी इहिरीत उडी मारता तवा पाय वाकडे ठेवता. एकतीस वर्षं झाली, मी पाहून राहिली.”

साडूंचं तोंड उघडंच. “मंग सांगतलं काहून नाई?”

“तुमी इचारलं काय? सात वर्षं झाले, तुमी दोघं त्या नदीचा नकाशा काढून राहिले अन् मी चहा देऊन राहिली. ते मायी नदी हाये.”

मी वहीतली पानं उलटली. सात वर्षांची योजना, चौसष्ट पानं. ट्यूबांच्या व्हॉल्वचा नंबर होता, गुळाचं वजन होतं. ताईंचं नाव कुठेच नव्हतं. मूगवड्यांपुढेसुद्धा ‘घरून’ एवढंच लिहिलं होतं.

साडूंनी पेन घेतला. सातव्या ओळीत, काटलेल्या नावाच्या वर, ‘सौ.’ लिहिलं. मग ते खोडलं आणि नुसतं नाव लिहिलं.

“लिहिलं म्हनून भागत नाई,” ताई म्हणाल्या. “आधी मले पाहू द्या जमते का.” मंगळवारी त्या अमरावतीला आल्या, माझ्या तलावावर, बायांच्या वेळेला. मी जाळीच्या बाहेर पिशवी धरून उभा. त्या पायऱ्या उतरल्या, पाणी तोंडावर घेतलं आणि निघाल्या. हात उचलणं नाही, शिंतोडे नाहीत, नुसतं डोकं सरळ रेषेत पलीकडे गेलं, गाठोडं सांभाळल्यासारखं. माझा विद्यार्थी बाहेर येऊन म्हणाला, “सर, ह्यांना काही शिकवायचं नाही.” घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, “हो.” मग सांगितलं का नाहीस? ती भाजी निवडत म्हणाली, “तुमचं दोघांचं बोलणं चाललं होतं ना.”

निघालो त्या दिवशी घाटावर ऊन नुकतंच आलं होतं. पाणी दोन दिवसांपूर्वी सुटलेलं, निवळ, काठाच्या दगडांना लागून. बाज तरंगली. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा पुष्कळच चांगली तरंगली. मधोमध साडू, नारिंगी जॅकेट घालून, मांडीवर वल्हं. कडेला मी, तसलंच जॅकेट, हातात चहापत्तीचा डबा. काठावर बायको मोबाईल धरून. ताईंनी जुनी सुती साडी काष्टा घालून नेसली होती.

“थांबा जराशी,” त्या म्हणाल्या आणि पाण्यात शिरल्या.

आम्हाला वाटलं खोली पाहतायत. पण त्या थांबल्याच नाहीत. धारेला थोडं तिरपं धरून त्या थेट पलीकडे गेल्या, आणि वाळूवर उभ्या राहिल्या. तिथे आता काही नाही. पाणी कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून कुणी वाडी लावत नाही. नुसती वाळू आणि मागे बाभळी. त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मग थोडं चालल्या. एका जागी वाकून त्यांनी वाळूला हात लावला आणि तशाच बसून राहिल्या.

बराच वेळ गेला.

“मास्तर,” साडू म्हणाले, “ते येते ना वापस?”

मोटारीच्या खोलीच्या छतावरून उडी मारणाऱ्या माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “येतात,” मी म्हणालो.

“एकतीस वर्षं, मास्तर. अन् मी तिले वड्याचं पाह्य म्हनून राहिलो.” त्यांनी चांगल्या हाताने डोळे पुसले. दुसऱ्या हाताने वल्हं गच्च धरलं होतं. हसणाऱ्यांत मीही होतो. माझ्या खोट्याची मला जेवढी लाज वाटली होती, त्याच्यापेक्षा ही जास्त होती.

ताई उठल्या आणि आल्या तशाच परत आल्या. काठाशी उभं राहून त्यांनी पदर पिळला. डोळे लाल होते. पाण्याने झाले असतील. बाजेपाशी येऊन साडूंच्या जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, मग माझ्या जॅकेटचे. माझा एक उलटा लागला होता, तो सोडून नीट लावला. बाजेची पुढची दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली.

“बसा नीट,” त्या म्हणाल्या. “दोघंबी.”

आम्ही नीट बसलो.